कम्प्युटरमधले शांतीलालनाना

रंजनाबाई माणसं विसरत गेल्या, पण त्या विसरण्यालाही एक क्रम होता. सगळ्यात नवी ओळख आधी पुसली गेली. प्रथम सुरतेची नातवंडं गेली, मग सून गेली, मग कधीतरी पोटचा धीरज दाढीमिशांसकट गेला आणि त्याच्या जागी चड्डीतला, गुडघे फोडून घेणारा धीरज येऊन बसला. जुनं मात्र सगळं शाबूत. माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते सांगतील, लग्नात कोणत्या आत्यानं रुसवा धरला होता ते सांगतील. नवराही त्यांना चांगला आठवत होता. काळ्या मिशांचा, पस्तिशीचा, सकाळी बैलजोडी घेऊन वावरात गेलेला. आठवत नव्हता तो फक्त त्यांच्या पुढ्यात चहाची कपबशी धरून उभा असलेला शहात्तर वर्षांचा म्हातारा.

या म्हाताऱ्याचं नाव शांतीलाल चौधरी. सारंगखेड्याहून दोन-तीन कोसांवरच्या तापीकाठच्या गावात त्यांना सगळे नाना म्हणत. नाना रोज सकाळी चहा घेऊन जात. रंजनाबाई पदर कपाळाखाली ओढत आणि अदबीनं सांगत, "ते वावरमा गयेल शेत. दुपारले या."

मालक वावरात गेलेत, दुपारी या, हे पहिले काही महिने नानांनी हसण्यावारी नेलं. बरं, दुपारी येतो, असं म्हणून ते चहा उंबऱ्याशी ठेवत आणि परसदारानं पुन्हा घरात येत. ओट्यावर बसणाऱ्या मंडळींना ते सांगत की दिवसातून दोनदा स्वतःच्याच घरी पाहुणा होण्याचं भाग्य अख्ख्या पंचक्रोशीत फक्त मला लाभलंय. मंडळी हसत. नानाही हसत. नाटकवाल्या माणसाला हशा मिळाला की घाव थोडा कमी दुखतो.

पण कार्तिकात एके दिवशी दुपारी रंजनाबाईंचा पाय मोरीत घसरला. नानांनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. परक्या पुरुषानं अंगाला हात लावला म्हणून बाई किंचाळत गल्लीत पळाल्या, डोक्यावरचा पदर गळून पडला, पाय अनवाणी. शेजारीपाजारी गोळा झाले. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणून कुणी हसलं नाही. नाना दारात उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरच्या गर्दीची भीती वाटली. त्या दिवसापासून रंजनाबाईंनी त्यांच्या हातचं पाणी घेणं सोडलं. आंघोळ, वेणीफणी, दोन घास भरवणं, सगळं गजराबाई करू लागली. ती चार घरची कामं करणारी, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ अशी बाई होती.

धीरज सुरतेला कापडाच्या गिरणीत देखरेखीच्या कामावर. मुलगा वाईट नव्हता. गल्लीतल्या प्रकाराची बातमी कळताच त्यानं फोन केला. म्हणाला, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला दरवर्षीप्रमाणे रजा टाकून येतो, त्या वेळी आईला घेऊन जातो. तिकडे बायकोची मदत आहे, दवाखाना जवळ आहे. आणि त्यापुढचं वाक्य त्यानं फार जपून उच्चारलं, "आबा, तिले तुमनं भ्याव वाटस. भ्याव धरीसनी ती किती दिन जगी?"

सुरतेची जागा दोन खोल्यांची. तिथं आबांसाठीही जागा करू, असं तो म्हणालाही असता; पण ज्या माणसाच्या भीतीनं बाईला हलवायचं, त्यालाच मागोमाग कसं न्यायचं? हे दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघांपैकी कुणीच ते बोललं नाही. नानांनी एवढंच मागून घेतलं की यात्रेपर्यंत तिनं मला एकदा जरी नवरा म्हणून ओळखलं, तर तिला नेऊ नकोस. धीरजनं कबूल केलं. यात्रेला तेवीस दिवस होते.

शहाद्याच्या डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी सांगितलं होतं की जुने फोटो दाखवा, कोण कुठला ते बोलत राहा, एखादा धागा लागतो कधीकधी. नानांनी ते धरून ठेवलं. फोटो हातात दिले की रंजनाबाई ते उशाखाली ठेवून झोपत. आणि नाना जवळ बसून बोलू लागले की भिंतीकडे तोंड करत. म्हणजे फोटोही हवेत आणि आवाजही हवा, पण माणूस समोर नको. असं काही होतं का, हे विचारायला ते शेजारच्या चुनीलालच्या घरी गेले. चुनीलालची सून कामिनी लोणखेड्याला कॉलेजात शिकलेली, कम्प्युटरचा कोर्स केलेली. ती आतून म्हणाली की होतं, फोटो एकामागून एक पडद्यावर येतात आणि मागे आपला आवाज बोलत राहतो. धीरजचा कॉलेजातला कम्प्युटर घरात होताच, जुन्या साडीखाली झाकलेला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाची भांडी आवरली की कामिनी येऊ लागली. सासऱ्याच्या वयाच्या माणसाशी समोरासमोर बसायचं नाही, ही घराची रीत. म्हणून ती नानांच्या मागे दोन हातांवर पाटावर बसे, पदर डोक्यावर, आणि तिथून सांगे की डावं बटण दाबा, आता सोडा, ते नाही, त्याच्या शेजारचं. नानांना हे शिकवणं मोठं सोयीचं वाटलं. तीस वर्षं विंगेतून येणारं कुजबुजतं वाक्य झेलण्यात गेलेली.

कारण नाना गावच्या नाट्यमंडळाचे राजे होते. चार बैलगाड्या एकमेकींना जोडून त्यांवर फळ्या टाकलेलं ते स्टेज, गॅसबत्त्यांचा तो फुसफुसता उजेड, कापसाच्या गाठोड्यांवर बसलेल्या बायका, आणि पडदा वर जाताच हजार माणसांच्या पोटात एकदमच धरला जाणारा श्वास! नाना तिथं राजे झाले, वकील झाले, दारुडे झाले, एकदा ऐनवेळी नायिकाही झाले. घरात आणि वावरात अहिराणी बोलणारा हा माणूस फळ्यांवर चढला की असं मराठी बोले, की धुळ्याहून आलेल्या एका साहेबांनी त्यांना पुण्यातली पेठ विचारली होती. माइकपुढे उभं राहायचं तर शुद्धच बोलायचं, हा मंडळाचा कायदा. मंडळ बुडालं, फळ्या कुणाच्या गोठ्यात गेल्या, पण कायदा नानांच्या जिभेवर राहिला. ग्रामसभेत माइक हातात आला की ते नळाच्या पाण्यावरही राजासारखं बोलत.

कामिनीनं मोबाइलवर जुन्या फोटोंचे फोटो काढले आणि ते वायरीनं कम्प्युटरात घेतले. सेहेचाळीस भरले. नानांनी दोनशे पानी वहीत संवाद लिहिले, चार वेळा तालीम केली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, गजराबाईला बांगड्या काढून बसायची ताकीद. तरी उसाचा ट्रॅक्टर नेमका रंजनाबाईंच्या जन्माच्या वाक्यावर गेला. तिसऱ्या दिवशी लाइट गेली आणि दोन दिवसांचं बोललेलं सगळं नाहीसं झालं. नाना म्हणाले, आमच्या वेळी बत्ती विझली तरी आम्ही अंधारात बोलत राहायचो, प्रयोग थांबत नसे. मागून पदराआडून कामिनीचा आवाज आला, "हाई नाटक नही शे नाना. आधी सेव करा, मंग बोला."

यात्रेला नऊ दिवस उरले असताना खेळ लागला. नानांनी टेबलावर धुतलेली चादर घातली. रंजनाबाईंना गजराबाईनं पलंगावर बसवलं, नाना मागे दाराशी उभे राहिले. पडद्यावर पहिला फोटो आला, नानांच्या वडिलांचा. फेटा, काठी, करडी नजर. आणि खोलीत तो भारदस्त आवाज घुमला, "तापीमाईच्या तीरावरील एका कष्टाळू कुळात सौभाग्यवती रंजनाबाई शांतीलाल चौधरी यांनी पाऊल ठेविले, तो दिवस..."

रंजनाबाईंनी झटक्यात पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि त्या भिंतीकडे वळून बसल्या.

पडद्यावर मोठे दीर आले, काका आले, लग्न आलं, बैलजोडी आली, पाळण्यातला धीरज आला. आवाज चढला, उतरला, एके ठिकाणी भरूनही आला. अकरा मिनिटं खेळ चालला आणि अकरा मिनिटं रंजनाबाई पदराच्या अंधारात हात जुळवून बसून होत्या. खेळ संपला तेव्हा त्यांनी गजराबाईला हळूच विचारलं, "मोठा मानसं गयात का?"

नाना ओट्यावर जाऊन बसले. जन्मभर ज्या बाईनं सासऱ्यापुढे आणि थोरल्या दिरापुढे चेहरा उघडा केला नाही, तिच्यापुढे आपण पहिलेच दोन फोटो त्यांचे लावले, एवढं साधं आपल्याला कळू नये? मानाचा क्रम म्हणून लावले. मंडळाच्या जाहिरातीत असंच असे, आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष. गजराबाई बांगड्या चढवत बाहेर आली आणि तिनं उरलेलंही बोलून टाकलं. "नाना, घरमा असं कोन बोलस? माले वाटनं सरकारी मानूस ऊना, आते घर मोजी."

कामिनी दाराआड होती. तिनं एकच प्रश्न विचारला, की काकूंना तुम्ही घरात काय म्हणून हाक मारत होता. बावन्न वर्षांत नानांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. तिनंही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. घराची रीतच ती. रंजनाबाई शांतीलाल चौधरी हे नाव रेशनकार्डावर होतं, मतदारयादीत होतं. घरात ते कधी उच्चारलंच गेलं नव्हतं. वावरातून येताना नाना अंगणात खाकरत आणि म्हणत, आयकस का? एवढंच. आतून येई, हां. सगळा संसार या दोन शब्दांच्या बोळातून ये-जा करत राहिला.

म्हणजे पुन्हा बोलायचं, आणि तसंच बोलायचं. थोरामोठ्यांचे फोटो काढून टाकले. एकवीस उरले. कामिनीनं सगळं जुळवून दिलं, आणि मग ती उठून घरी गेली. कारण बायकोशी बोलायची भाषा दुसऱ्याच्या सुनेसमोर तोंडातून निघणार कशी? नाना खोलीत एकटे राहिले, माइकची वायर गळ्यात घेऊन.

आणि त्यांना बोलता येईना. राजाची वाक्यं होती, वकिलाची होती, या माणसाची कुणी लिहून दिली नव्हती. पहिले दोन दिवस त्यांनी बटण दाबावं, खाकरावं आणि बंद करावं. वही काढून पाहिली, फाडून टाकली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर बैलजोडीचा फोटो ठेवून ते त्याच्याकडे पाहत बसले. मग आपोआप जीभ हलली. या ढवळ्यानं तुझी नवी साडी खाल्ली होती, तू दोन दिवस त्याला चारा घातला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी रडत जाऊन त्याच्या गळ्यात पडलीस. अहिराणीत, कोरड्या आवाजात, मध्येच थांबत. मग कापूस वेचताना तिच्या बोटांना पडलेल्या चिरा. पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली ती. तिचा फोटो नव्हता, म्हणून रिकाम्या अंगणाच्या फोटोवर नाना तिच्याबद्दल बोलले. त्याबद्दल ते दोघं आयुष्यात एकदाही बोलले नव्हते. या वेळी नानांनी प्रत्येक फोटोनंतर सेव केलं.

धीरज यायला दोन दिवस होते. रस्त्यावरून यात्रेचे घोडे जात होते, पोरं ओरडत मागे धावत होती. गजराबाईनं रंजनाबाईंना पलंगावर बसवलं. नाना या वेळी दाराबाहेरच थांबले. कामिनीनं बटण दाबलं. आधी खाकरणं आलं. मग, "आयकस का?"

"हां," रंजनाबाई म्हणाल्या.

इतकं सहज म्हणाल्या, की गजराबाईचा हात तोंडावर गेला. रंजनाबाईंनी प्रथम अंगणाकडे पाहिलं, मग आवाज कुठून येतो ते शोधत पडद्याकडे. आणि चेहरा उघडा ठेवून, पदर मागे सारून, त्या बोलू लागल्या. ढवळ्यानं साडी खाल्ली नव्हती, नुसता काठ खाल्ला होता, तुम्हाला सगळं वाढवून सांगायची खोड. चिरांवर लावायला तुम्ही एरंडेल आणलं होतं आणि सासूबाईंनी विचारलं तर बैलासाठी आणलं म्हणालात. त्या हसल्या. रिकाम्या अंगणाचा फोटो आला तेव्हा त्यांनी हात पुढे करून पडद्याच्या काचेवर ठेवला.

बाहेर नानांचा पाय थांबेना. तीस वर्षांत ज्या टाळ्या मिळाल्या त्या सगळ्या या एका हुंकारावरून ओवाळून टाकाव्यात असं त्यांना झालं. खेळ संपायची वाट न पाहता ते आत आले, पलंगामागे उभे राहिले, आणि त्याच आवाजात, स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "आयकस का?"

"हां," म्हणत रंजनाबाई वळल्या.

वळल्या आणि त्यांचा चेहरा विझला. समोर तो म्हातारा. त्यांनी पदर ओढला, पलंगावरून सरकत सरकत कम्प्युटरच्या टेबलाला जाऊन चिकटल्या आणि पडद्याकडे तोंड करून, दबल्या आवाजात, घाईघाईनं सांगू लागल्या, "तुम्ही बिगी घर या ना. घरमा एक डोकरा शे. जातच नही. माले भ्याव वाटस."

पडद्यावरचे नाना केळीच्या बागेबद्दल बोलत होते.

कामिनीनं मान खाली घातली. नाना पाठ न वळवता, नाटकात राजापुढून मागे सरतात तसे, एक एक पाऊल मागे सरत दाराबाहेर गेले.

धीरज यात्रेच्या आदल्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन आला. कामिनीनं त्याला खेळ दाखवला. तो शेवटपर्यंत पाहत राहिला, मग परसात जाऊन तोंड धुऊन आला. आईनं ओळखलं म्हणायचं की नाही, हे त्यानं विचारलं नाही आणि नानांनीही वाद घातला नाही. समोरच्या म्हाताऱ्याला तिनं ओळखलं नव्हतं, आणि कबुली कबुलीच होती. रंजनाबाईंनी गेले दोन दिवस अन्न कम्प्युटरसमोर बसूनच खाल्लं होतं, आणि नाना दिसले की हातचा घास खाली ठेवला होता.

पण सकाळी निघायच्या वेळी बाई उठेनात. धीरजनं समजावलं, गजराबाईनं समजावलं. रंजनाबाईंनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. धनी वावरात आहेत, त्यांना न सांगता घर उघडं टाकून मी कुठे जाऊ? त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्यात कुणालाही चूक काढता येईना. धीरजनं त्यांची बोटं सोडवायचा प्रयत्न केला तर त्या पोरीसारख्या रडू लागल्या. ड्रायव्हरनं गाडीचं इंजिन बंद केलं.

धीरज नानांकडे आला. नजर जमिनीवर.

"आबा, ती तुमनंच आयकी," तो म्हणाला. "कम्प्युटरमा सांगा तिले."

नाना आत गेले. कामिनीनं वायर जोडून दिली आणि या वेळी ती उठून गेली नाही, भिंतीशी उभी राहिली. खिडक्या लावायचं, पंखा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. नाना खाकरले. हा संवादही कुणी लिहून दिलेला नव्हता, पण या वेळी शब्द लगेच आले. एकदाच बोलले, पुन्हा घ्यावं लागलं नाही. मग त्यांनीच सेव केलं.

कम्प्युटर दाराशी आणून ठेवला. पडद्यावर वावराच्या बांधावर उभे असलेले काळ्या मिशांचे नाना. खाकरणं आलं.

"आयकस का? तू धीरजसंगे जाय. मी मांगून येसू."

रंजनाबाईंनी चौकट सोडली. हां, म्हणाल्या. डोळे पुसले, आत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधली, देवापुढची वात नीट केली. धीरजनं कम्प्युटरच्या वायरी काढल्या आणि तो मागच्या सीटवर आईशेजारी, उशी लावून ठेवला. नाना ओट्याच्या खांबामागे उभे राहिले होते, बाई पुन्हा बिथरू नयेत म्हणून. पण गाडीत बसल्यावर रंजनाबाईंनीच काच खाली करून त्यांना बोलावलं. आता निघायचंच होतं आणि मालकानं सांगितलं होतं, त्यामुळे भीती उतरली असावी. त्यांनी पदर नीट केला आणि घरात राहणाऱ्या त्या म्हाताऱ्याला त्या मऊपणानं म्हणाल्या,

"बाबा, भाकर टोपलीमा शे. ते वावरमातून घर ऊनात का त्यास्ले वाढी देज्यात. ते मांगतस नही, इचारनं पडस."

नाना गाडीच्या दाराशी वाकले. आवाज फुटू नये याची कला त्यांना येत होती.

"देसू," ते म्हणाले. "इचारीसनी वाढी देसू."

समाधान पावून रंजनाबाईंनी मान हलवली, आणि धीरजनं काच वर केली.